कुत्र्याची विलायतवारी

आमच्या बोदवडहून मुंबईच्या दिशेने निघाले की पुढचे मोठे जंक्शन भुसावळ. स्वातंत्र्यानंतर तिथल्या रेल्वे वसाहतीतली कित्येक अँग्लो-इंडियन कुटुंबे देश सोडून गेली. मुंबईला आगगाडी, पुढे आगबोट. मग घरच्या कुत्र्याचे काय?

बोटीवर सोय होती. मोठ्या प्रवासी जहाजांवर कुत्र्यांसाठी पिंजरे असत आणि देखभाल पुष्कळदा जहाजावरच्या खाटकाकडे असे. (कुत्र्यांची तक्रार नसावी!) खरी अडचण विलायतेच्या बंदरात उभी होती. रेबीज रोखण्यासाठी परदेशी कुत्र्याला तिथे सहा महिने सक्तीच्या विलगीकरणात ठेवत, तेही मालकाच्या खर्चाने. हा धाक निराधार नव्हता. १९०२ साली ब्रिटनमधून नाहीसा झालेला हा रोग १९१८ मध्ये परतला, तो बहुधा महायुद्धावरून आलेल्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे. तो निपटायला १९२२ साल उजाडले. विलगीकरणाची ही सक्ती थेट २००० साली सैल झाली.

त्यामुळे भारत सोडणाऱ्या अनेक गोऱ्या कुटुंबांनी कुत्रे शेजाऱ्याकडे वा खानसाम्याकडे ठेवले. काहींनी निघण्यापूर्वी स्वतःच त्याला गोळी घातली. याला सरसकट क्रौर्य म्हणणे मला पटत नाही. आपल्यामागे ते रस्त्यावर उपाशी मरेल, ही धास्ती त्यामागे होती.