मंदीत आधी बेकार कोण होतो?

मंदी आली की राजोडी-नालासोपाऱ्यातल्या आपल्या तरुणाला उपदेश मिळतो : धीर धर, मेहनत कर. मेहनत आपण पिढ्यान् पिढ्या केली. प्रश्न आहे, दार कोणते उघडे होते?

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना तिथे मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे जागतिक मंदी आली, मजुरी कापली गेली, १९३४ साली सार्वत्रिक संप झाला.

१९३६ साली जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नेमके निदान केले : उद्योग बदलतात, पण जात माणसाला धंदा बदलू देत नाही; म्हणून जात हेच बेकारीचे एक थेट कारण आहे.

ते निदानावर थांबले नाहीत. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ चा संप घडवला. १९४२ ते १९४६ ते मजूरमंत्री असताना सेवायोजन कार्यालये उभी राहिली. नोकरी ओळखीने नव्हे, नोंदणीने मिळावी, ही त्यामागची दिशा.

म्हणून नोकरी गेली तर आपण स्वतःला नालायक ठरवू नये. नवे कौशल्य शिकू, रिकाम्या जागांची खबर एकमेकांना देऊ, कंत्राटी असलो तरी संघटनेत जाऊ. धीर एकट्याने टिकत नाही, संघटनेत टिकतो.

जय भीम!