वार्धक्य-शुश्रूषा

वृद्ध व्यक्तीचे हातपाय चालते राहावेत, तिचं तिला करता यावं, यासाठी दिलेली परिचर्या. आजारपण काढणं हा तिचा एक भाग. गेलेली सवय परत आणणं हा मोठा.

लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ साली डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या निराधारांच्या रुग्णालयातल्या ७१४ खाटा आल्या. कित्येकजण वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले. वॉरेन यांनी प्रत्येकाला नीट तपासलं, उठवलं, चालवलं. अनेकजण घरी परतले.

परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह १९६२ साली शय्याव्रणांचा धोका मोजण्याची पट्टी दिली. शरीरप्रकृती, मनःस्थिती, चालणं-फिरणं, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा यांना प्रत्येकी १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा कमी आली, की धोका. कूस बदलून अंगावरचा दाब हलवणं हाच मुख्य उपाय, हे त्यांनी ठामपणे मांडलं.

सदऱ्याची बटणं परिचारिकेने लावली तर मिनिटाचं काम. आजोबांची थरथरती बोटं दहा मिनिटं घेतात. ती दहा मिनिटं थांबणं हेच यातलं कौशल्य, आणि अपुऱ्या मनुष्यबळात सर्वांत आधी तेच हरवतं. उठवतानाही घाई नको: आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं, भोवळ येत नाही ना पाहायचं, मगच उभं करायचं.