लूट कोणाची?

'लूट' हा शब्द आपल्या कानाला फारसा खटकत नाही. दसऱ्याला आपण सोने 'लुटतो', लग्नात आनंद 'लुटतो', आणि शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात सुरतेची लूट वाचताना आपली छाती फुगते. संस्कृतातील 'लुण्ठ्' या धातूशी नाते सांगणारा हा शब्द हिंदुस्थानातून इंग्रजीतही गेला आणि तेथे कायमचा वस्तीला राहिला. परंतु शब्द अंगवळणी पडला म्हणजे त्याच्या अर्थाचा विचार झाला असे नव्हे. लूट म्हणजे नेमके काय? जिंकलेल्या माणसाची मालमत्ता जिंकणाऱ्याची का व्हावी? झालीच तर ती राजाची, शिपायाची, की देवाची? या प्रश्नांचा थोडा मागोवा घ्यावा, असा आमचा आजचा विचार आहे.

हा विचार छत्रपती संभाजीनगरात करण्याला एक विशेष औचित्य आहे. ही भूमी स्वतः लुटली गेलेली आहे. 1296 साली कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन खलजी सुमारे आठ हजार स्वार घेऊन एलिचपुराकडून देवगिरीवर आला. रामदेवरायाचे मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर गेले होते. किल्ल्यात घाईने भरलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, असे फेरिश्ता सांगतो. किल्ला दुर्भेद्य होता, पण मीठ खाऊन किल्ला लढत नाही. फेरिश्त्याने सोन्याचा आकडा 600 मण दिला आहे. तो घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा आकड्यावर पैज लावण्याचे कारण नाही. परंतु त्या सोन्याचे पुढे काय झाले, ते बरनीने लिहून ठेवले आहे. अल्लाउद्दीनाने आपला चुलता आणि सासरा सुलतान जलालुद्दीन याचा विश्वासघाताने वध करविला आणि दिल्लीच्या वाटेवर मुक्कामोमुक्कामी यंत्राने सोन्याची नाणी लोकांत उधळीत तो राजधानीत शिरला. देवगिरीच्या घामाचे सोने दिल्लीच्या सिंहासनाची किंमत म्हणून चुकते झाले.

पुढे 1610 साली मलिक अंबराने खडकी वसविली. तीच आजच्या आपल्या शहराची मूळ वस्ती. सहाच वर्षांनी, 1616 मध्ये, रोशनगावच्या लढाईनंतर शाहनवाजखानाच्या मोगली फौजांनी ती जाळून उद्ध्वस्त केली. योगायोग असा की, त्याच 1616 साली गोमंतकात राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले आणि बायबलातील कथा मराठी ओवीत उतरल्या. एका मराठी गावाची राखरांगोळी झाली, त्याच वर्षी मराठी भाषेला एका दूरच्या प्राचीन लोकसमूहाचे पुराण मिळाले. त्या पुराणकथेतही लुटीचा प्रश्न पदोपदी उभा राहतो. म्हणून आपल्या इतिहासाकडे पाहण्यासाठी आपण तो आरसा हाती घेऊ.

बायबलात लुटीविषयी एकच मत आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. तेथे अनेक काळांचे अनेक आवाज आहेत. मिद्यानी लोकांवरील स्वारीनंतर लुटीचे दोन सारखे भाग करावेत, एक लढणाऱ्यांचा आणि एक घरी राहिलेल्या प्रजेचा, अशी आज्ञा आहे. लढणाऱ्यांच्या भागातून पाचशेवा हिस्सा आणि प्रजेच्या भागातून पन्नासावा हिस्सा देवाच्या सेवेसाठी काढावयाचा. हिशेब चोख आहे. पण त्या हिशेबात मेंढरे, बैल, गाढवे यांच्या रांगेत माणसेही मोजली आहेत, कुमारी मुलीही मोजल्या आहेत, हे वाचताना अंगावर काटा येतो. प्राचीन ग्रंथ आदराने वाचावा, पण डोळे मिटून वाचू नये.

त्याच ग्रंथात दुसऱ्या कथा आहेत. यरीहो पडले, तेव्हा तेथील धन देवाला वाहिलेले होते. आखान नावाच्या एका माणसाने बाबेलचा एक सुंदर झगा, दोनशे शेकेल रुपे आणि सोन्याची एक वीट उचलून आपल्या तंबूत पुरली. पुढच्याच लढाईत सर्व सैन्याचा पराभव झाला. एकाने लपविलेली लूट साऱ्यांच्या पायाखालची धोंड झाली. त्याला मिळालेली शिक्षा भयंकर आहे, परंतु त्यामागची जाणीव ओळखण्यासारखी आहे: लूट ही खासगी मिळकत नव्हे.

तिसरी कथा दावीदाची. त्याच्या गैरहजेरीत शत्रूने सिकलाग गाव जाळले आणि बायकामुले पळवून नेली. दावीद सहाशे माणसे घेऊन पाठलागावर निघाला. त्यांपैकी दोनशे इतके थकले की बसोर ओढ्यापाशी सामानाजवळच राहिले. विजय मिळाल्यावर लढणारे म्हणू लागले, या मागे राहिलेल्यांना त्यांची बायकापोरे परत द्या, लुटीतला वाटा मात्र नाही. दावीदाने तो आग्रह मोडून काढला. जो लढाईत उतरतो आणि जो सामान राखतो, त्या दोघांचा वाटा सारखाच, असा कायमचा नियम त्याने घालून दिला. विजय हा एकट्या तलवारीचा नसतो, हे त्याला कळले होते.

आता आपल्या घरी येऊ. शिवछत्रपतींच्या लष्करी व्यवस्थेचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामांच्या काळात, जिंजी येथे लिहून ठेवले आहे. दसरा झाला की लष्कराने बाहेर पडावे. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी करावी. परत आल्यावर झडती घ्यावी. सोने, रुपे, जवाहीर, उंची वस्त्र जे काही जास्त निघेल ते सरकारात जमा व्हावे, अथवा त्याची किंमत पगारातून वळती व्हावी. परमुलखात बायकापोरे धरू नयेत, गाय धरू नये, ब्राह्मणांस उपद्रव देऊ नये. लष्करात बटकी अथवा कलावंतीण बाळगील त्याची गर्दन मारावी.

बायबलातील नियमांशी हे ताडून पाहिले म्हणजे एक गोष्ट ठळक होते. तेथे लुटीची वाटणी न्याय्य कशी करावी, हा प्रश्न होता. येथे शिपायापुरता वाटणीचा प्रश्नच मिटविला होता. शिपायाला पगार होता, लूट राज्याची होती, आणि स्त्री ही लुटीची वस्तूच नव्हती. हा शेवटचा फरक लहान नाही. मिद्यानी स्वारीच्या यादीत जी ओळ होती, ती या यादीतून पार खोडलेली आहे.

याचा अर्थ ती लूट गोड होती असा नव्हे. 1664 च्या जानेवारीत सुरतेत जे घडले ते सुरतेच्या माणसांना काही उत्सव वाटले नाही. शाएस्तेखान तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसला होता, मुलूख बेचिराख झाला होता, आणि त्याची भरपाई मोगली साम्राज्याच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल करावयाची, असा तो राजकीय हिशेब होता. त्यातही कॅपुचिन पाद्रींचे घर वगळले गेले, आणि एका दिवंगत दानशूर दलालाच्या घरालाही धक्का लागला नाही, असे बर्नियर हा फ्रेंच प्रवासी नमूद करतो. हिशेब समजून घ्यावा, पण लुटलेल्याच्या दारात उभे राहून एकदा तो पाहावाही.

आणि ते दार फार दूर नाही. ते आपल्या जालन्यात आहे. 1679 च्या नोव्हेंबरात महाराजांच्या फौजेने जालन्याची पेठ चार दिवस लुटली. शाहजादा मुअज्जम येथे औरंगाबादेत असताना, त्याच्या नाकासमोर हे घडले. पेठेत अपेक्षेइतके धन सापडेना, कारण सधन व्यापाऱ्यांनी आपला ऐवज घेऊन जान महंमद या साधुपुरुषाच्या गावाबाहेरील बागेत आश्रय घेतला होता. शिपाई तेथेही शिरले, माणसे जखमी झाली, साधूची विनवणी कोणी ऐकली नाही. परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ रणमस्तखानाने फौज गाठली. सिधोजी निंबाळकर पडले, बरीचशी लूट टाकून द्यावी लागली, आणि बहिर्जीने दाखविलेल्या आडवाटेने महाराज पट्टागडावर पोहोचले. पुढे चारपाच महिन्यांनी, 3 एप्रिल 1680 रोजी, महाराजांचे देहावसान झाले. लोक म्हणू लागले, साधूचा शाप भोवला.

शाप आम्ही मानीत नाही. मृत्यूला आजार पुरेसा असतो. परंतु लोकांनी ही कथा का रचली, हे विचारण्यासारखे आहे. आखानाच्या कथेत जी जाणीव आहे, तीच येथे आहे. काही जागा, काही माणसे, काही धन हे लुटीच्या पलीकडचे असते. ती रेषा ओलांडली की विजय नासतो, असे सामान्य माणसाचे मन सांगते. आणि ज्या राजाने स्वतः ती रेषा आखली होती, त्याच्याच बाबतीत लोकांना ती मोडल्याचे अधिक लागले. इतरांच्या लुटीला कोणी शाप जोडीत बसले नाही.

पुढे नियम सैल होत गेले. पगाराऐवजी लुटीवर जगणारे पेंढारी मराठी फौजांच्या मागे चालू लागले. 1742 पासून नागपूरकरांच्या फौजा बंगालवर जाऊ लागल्या, आणि सरकारी घोड्यावर बसणारा पगारी शिपाई म्हणजे 'बारगीर', त्याचा 'बर्गी' होऊन तो बंगाली आयांच्या अंगाईत जाऊन बसला. मूल झोपावे म्हणून जे नाव घ्यावे, ते नाव आपले होते! 1791 मध्ये पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, तेव्हा तर तो मठ परक्या धर्माचाही नव्हता. लुटीची चटक लागलेला हात देव ओळखीत नाही, हे तेथे सिद्ध झाले. मिसर देशातून निघताना इस्राएलांनी आणलेल्या सोन्याचे प्रथम वासरू झाले आणि मग देवाचा मंडप झाला, अशी बायबलाची कथा आहे. सोने तेच; हाताळणाऱ्याची नियत दोन.

आपण देवगिरीचे वारस आहोत तसे जालन्यावर गेलेल्या फौजेचेही वारस आहोत. लुटले गेल्याचे दुःख तेवढे आपले आणि लुटल्याचा अभिमान तेवढा आपला, अशी सोयीची वाटणी इतिहासाला मान्य नाही. महाराजांचे मोठेपण त्यांनी सुरत लुटली यात शोधण्यापेक्षा, लुटीच्या मोहाच्या काळात लुटीला यादी, झडती आणि मर्यादा लावली, यात शोधावे, असे आम्हांस वाटते.

शेवटी पुन्हा दसऱ्याकडे वळू. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या. रघुराजासाठी कुबेराने त्याहून कितीतरी अधिक पाऊस पाडला. कौत्साने चौदा कोटी मोजून घेतल्या आणि उरलेल्यांना हात लावला नाही. राजानेही त्या परत घेतल्या नाहीत. मग त्या लोकांनी लुटल्या. बायबलातील अब्राहामही युद्ध जिंकून परतला, तेव्हा सदोमच्या राजाने धन पुढे केले. अब्राहामाने एक दोरा किंवा जोड्याचा बंदही स्वतःसाठी घेतला नाही. सोबत्यांचा वाटा मात्र त्यांना देवविला. दोन दूरच्या लोकांच्या स्मृतीत ही एकच खूण जपलेली आहे. हाती आलेले सगळेच आपले नसते, हे ज्याला कळले, त्याचाच विजय टिकला. येत्या दसऱ्याला आपट्याचे पान हाती देताना एवढे आठवले, तरी पुष्कळ झाले.