आवाजाच्या वाटा: किंग टबी आणि कन्सोलवरचे लेखन

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेमागे बसणाऱ्या माणसाला संगीताच्या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. गायक गातो, वादक वाजवतात, संगीतकाराचे नाव तबकडीवर छापले जाते. काचेमागचा तो केवळ तंत्रज्ञ. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ह्या पदाचे नावच ‘बॅलन्स इंजिनिअर’ असे होते. समतोल राखणे, म्हणजे समोर जे घडते आहे ते इमानाने टिपणे आणि त्यात आपला हात दिसू न देणे, हा त्या पेशाचा धर्म. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्या लेखनिकाकडूनही आपण हीच अपेक्षा करतो.

हा धर्म ज्याने उघडपणे मोडला त्या माणसाचे नाव ऑस्बोर्न रडॉक. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, लोक त्याला किंग टबी म्हणत. जन्म 1941चा. मूळ व्यवसाय विजेच्या उपकरणांची दुरुस्ती आणि ॲम्प्लिफायर बांधणे. त्याला वाद्य वाजवण्याबद्दल कोणी ओळखत नव्हते. तरीही 1970च्या दशकातील जमैकन संगीताचा विचार त्याला वगळून करता येत नाही, आणि ह्या विधानाचा साहित्याच्या अभ्यासकांशी काही संबंध आहे असे आम्हांला वाटते.

त्यासाठी आधी कन्सोल म्हणजे काय, हे थोडे पाहावे लागेल. मिक्सिंग कन्सोल ही उभ्या पट्ट्यांची रांग असते. एकेका पट्टीला चॅनल म्हणतात. मुद्रित फितीवरचा एक ट्रॅक एका चॅनलमध्ये शिरतो. तेथे त्याची पातळी ठरते, त्याचा पोत बदलता येतो, आणि शेवटी फेडर नावाची सरकपट्टी तो किती ऐकू यावा हे ठरवते. येथवरचे सर्व समजण्यास सोपे आहे. खरी गंमत वाटांची आहे. चॅनलमधून जाणाऱ्या आवाजाची एक प्रत, मूळ वाट न सोडता, दुसरीकडे पाठवता येते. ह्या सोयीला ‘सेंड’ म्हणतात. समजा ती प्रत प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्राकडे पाठवली. प्रतिध्वनी परत येतो तो वेगळ्याच चॅनलवर. आता मूळ चॅनल बंद केला, तरी जे आधीच पाठवले गेले ते परत येतच राहते: बोलणारा निघून गेला, बोलणे उरले. त्यातही परतीच्या चॅनलचा सेंड उघडला, तर प्रतिध्वनी पुन्हा त्याच यंत्रात शिरतो आणि आवाज स्वतःवरच रचला जाऊ लागतो. हात वेळेवर मागे घेतला नाही तर कर्कश गोंगाट होतो. किती वेळ थांबायचे, हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेले नसते.

किंग्स्टनमध्ये ह्या तंत्राला निमित्त मिळाले ते एका चुकीतून, असे सांगतात. 1967-68च्या सुमारास ट्रेझर आयल स्टुडिओत रडी रेडवुड ह्या साउंड सिस्टिमच्या मालकासाठी एका गाण्याची तबकडी कापताना गायनाचा ट्रॅक जोडायचा राहून गेला. रेडवुडने ती तशीच नाचाच्या मेळाव्यात वाजवली. गाणे सर्वांना पाठ होते. गायकाची रिकामी जागा लोकांनीच गाऊन भरली. पुढे तबकडीच्या मागच्या बाजूला गायनाविना ‘व्हर्जन’ देण्याची प्रथाच पडली. ‘व्हर्जन’ हा शब्द पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका बाजूला मुख्य पाठ, दुसऱ्या बाजूला पाठभेद, आणि दोन्ही एकाच किमतीत!

टबी त्या काळी ट्रेझर आयलमध्ये तबकड्या कापण्याचे काम करीत असे. 1970च्या दशकाच्या आरंभी त्याने डायनॅमिक साउंड्स ह्या स्टुडिओचे जुने एमसीआय कन्सोल घेतले आणि वॉटरहाउस वस्तीतील ड्रॉमिली अव्हेन्यूवरच्या छोट्या घरात बसवले. गायकाला उभे राहण्यासाठी न्हाणीघराची खोली झाली. फीत चार ट्रॅकची. ह्या चार ट्रॅकांत सगळा वाद्यमेळ कोंबलेला असे. ड्रम्सचा सारा संच बहुधा एकाच ट्रॅकवर. म्हणजे झांज ठेवून ढोल तेवढा पुसावा म्हटले तर चॅनल बंद करून ते साधणार नाही. टबीच्या कन्सोलवर खालचे स्वर टप्प्याटप्प्याने गाळून टाकणारा एक फिल्टर होता, आणि त्याची मोठी खुंटी फिरवताच ढोल विरून जाई, झांजेची सळसळ तेवढी हवेत उरे. वाटांनी जे वेगळे करता येत नव्हते ते त्याने चाळणीने वेगळे केले. गरिबीतून सुचलेली ही युक्ती पुढे शैली म्हणून ओळखली गेली. वाङ्मयाच्या इतिहासातही असे अनेकदा घडले आहे.

ह्या प्रकाराला ‘डब’ हे नाव पडले. उदाहरण म्हणून एकच जोडी घेऊ. जेकब मिलरने गायिलेले, ऑगस्टस पाब्लोची निर्मिती असलेले ‘बेबी आय लव्ह यू सो’ हे प्रेमगीत. त्याचा टबीने केलेला डब म्हणजे ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’. मूळ गीतात प्रियकर आपले म्हणणे पूर्ण वाक्यांत मांडतो. डबमध्ये त्याचे वाक्य पुरे होत नाही. शब्द उगवतो, मध्येच तोडला जातो, त्याची शेपटी प्रतिध्वनीत लांबत जाते आणि त्या पोकळीत ड्रम्स आणि बेस पुढे सरसावतात. नवा एकही स्वर वाजवलेला नाही, तरी विनवणीचे एकाकीपण मूळ गीतापेक्षा ह्या रूपात अधिक जाणवते. ही प्रेमगीताची सजावट नव्हे, हे प्रेमगीताचे वाचन आहे, असे आमचे मत आहे. ह्या जोडीतला डबच आज अधिक प्रसिद्ध आहे, हे त्याला पूरकच मानावे.

रोलाँ बार्थचा लेखकाच्या मृत्यूवरचा निबंध 1967मध्ये इंग्रजीत आणि 1968मध्ये फ्रेंचमध्ये आला, हे येथे आठवते. किंग्स्टनच्या नाचात गायक नाहीसा झाला तोही साधारण हाच काळ. दोन्हींत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. मात्र एक फरक नोंदवायला हवा. बार्थच्या मांडणीत लेखक जातो आणि वाचकाचा जन्म होतो. ड्रॉमिली अव्हेन्यूवर गायक गेला आणि त्याच्या जागी नवे नाव आले. तबकडीवर ‘किंग टबी’ ही अक्षरे झळकू लागली. नावाला बाजार होता.

आणि येथेच ह्या कथेची अवघड बाजू सुरू होते. वादकांना मुद्रणाच्या दिवशी एकदाच मोबदला मिळे. त्यानंतर त्याच फितीवरून कितीही व्हर्जन निघोत, कितीही गायक त्यावर नवे शब्द म्हणोत, ज्याच्या बोटांतून तो बेस निघाला त्याला बहुधा काहीच मिळत नसे. फीत निर्मात्याची, डब टबीचा. सर्जनशील पुनर्वाचनाचे कौतुक करताना आपण समीक्षक ह्या प्रश्नापाशी फारसे रेंगाळत नाही. पाठ ‘खुला’ आहे असे म्हणणे त्या पाठावर पोट नसलेल्यांना सोपे जाते. टबीचा हात थोर होता ह्याबद्दल आम्हांला शंका नाही. पण तो ज्या आवाजांना पुसत होता ते आवाज कोणाच्या तरी मेहनतीचे होते, आणि पुसण्याची कला जितकी सूक्ष्म तितके हे विसरणे सोपे.

6 फेब्रुवारी 1989 रोजी किंग्स्टनमध्ये घराबाहेर टबीची गोळी घालून हत्या झाली. तोवर प्रिन्स जॅमी आणि सायंटिस्ट ह्या त्याच्या शिष्यांनी आपापली नावे केली होती. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा झाला तो 1993मध्ये. तोपर्यंत त्या देशात ब्रिटिश अमदानीतला 1911चा कायदा लागू होता, आणि तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ना चार ट्रॅकची फीत होती, ना कन्सोल.