नाचणारे उंदीर

फ्रँकफर्ट म्हटलं की आपल्याकडे आठवतो तो विमानतळ. अमेरिकेला जाता-येता तिथल्या खुर्च्यांवर जांभया देत बसलेले बरेच जण तुमच्यात असतील! मी इथे राहतो, त्यामुळे रविवारी पायी भटकणं होतं. माइन नदी ओलांडून झाक्सनहाउझेन भागात गेलं की गेऑर्ग श्पायर हाऊस ही जुनी संशोधन संस्था लागते. एका बँकरच्या पत्नीनं पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती १९०६ साली सुरू झाली. इथे डॉ. पाउल एर्लिख यांचे उंदीर नाचले.

खरोखरच नाचले. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर तेव्हा अ‍ॅटॉक्सिल हे आर्सेनिकचं औषध देत. नावाचा अर्थ 'बिनविषारी', पण रॉबर्ट कॉख यांनी १९०६-०७ मध्ये पूर्व आफ्रिकेत ते दिलं तेव्हा २२ रुग्ण आंधळे झाले. एर्लिख यांनी रेणूत थोडा बदल करून अर्सासेटिन आणलं. उंदरांच्या रक्तातले रोगजंतू गेले, पण बरे झालेले उंदीर स्वतःभोवती गरगर फिरू लागले... कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूला औषधानं इजा केली होती. एर्लिख यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. १९०७ साली छापून टाकलं, आणि पुढची संयुगं तपासताना उंदीर नाचतो का हेही बघितलं जाऊ लागलं. पुढे अर्सासेटिननंही काही माणसांची दृष्टी गेली, म्हणजे उंदीर खोटं सांगत नव्हते. १९१० साली बाजारात आलेलं उपदंशावरचं साल्वार्सान याच शोधमालिकेतलं.

आम्हा इंजिनियर लोकांना हे पटतं. यंत्र चालतंय, पण वेगळाच आवाज येतोय, तर आधी आवाजाची नोंद करा. पण माणूस उंदरासारखा गरगर फिरत नाही. तो गप्प होतो.

आता आपल्याकडचं उदाहरण. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. आणि १९५४ साली अमेरिकेतल्या डॉ. फ्रीस यांनी लिहिलं, की मोठ्या मात्रेत बराच काळ ते घेणारे काही रुग्ण खोल खिन्नतेत जातात. हा संबंध वाटला तितका सरळ नाही, असं नंतर दिसलं. पण बदललेल्या स्वभावाकडे डॉक्टर औषधाचा परिणाम म्हणून बघू लागले.

माझे आजोबा ही गोळी घेत. त्याच वर्षांत ते बोलेनासे झाले. पहाटेची भजनं बंद, झोपाळ्यावरच्या गप्पा बंद. घरचे म्हणत, "रिटायरमेंट मानवली नाही." आजी म्हणायची, "मूळचाच हट्टी स्वभाव!" दोष गोळीचाच होता असं मी म्हणत नाही, आता ते ठरवता येणार नाही. पण गोळी कधी सुरू झाली आणि माणूस कधी गप्प झाला, या दोन तारखा कोणीच शेजारी-शेजारी लिहून पाहिल्या नाहीत.

म्हणून सांगतो मंडळी, घरात कोणी अचानक चिडकं, उदास किंवा भलतंच उत्साही झालं, तर स्वभावाला नावं ठेवण्याआधी औषधाच्या चिठ्ठीवरची तारीख बघा. आणि गोळी आपल्या मनानं बंद करू नका, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा.