डॉन हेक : एका उपेक्षित रेषेचे पुनर्मूल्यांकन

कोणत्याही कलाप्रकाराच्या इतिहासात एखादा प्रतिभावंत असा अवतरतो, की त्याच्यानंतर त्या कलेचे मूल्यमापन त्याच्याच मापाने होऊ लागते. त्याच्या वाटेने जाणारे ‘चांगले’ ठरतात आणि वेगळ्या वाटेने आलेले, आपापल्या परंपरेत कितीही मुरलेले असले तरी, ‘कमी प्रतीचे’ ठरतात. अमेरिकन कॉमिक्सच्या क्षेत्रात १९६० च्या दशकात हे स्थान जॅक कर्बी या चित्रकाराकडे आले. त्याच्या दीर्घ छायेत ज्यांची कामगिरी झाकोळली, त्यांत डॉन हेक हे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

हेकच्या वाट्याला केवळ उपेक्षा आली असती, तर ती गोष्ट नवलाची नव्हती; पण त्याच्या वाट्याला उपहासही आला. १९८० साली ‘द कॉमिक्स जर्नल’ या समीक्षाप्रधान नियतकालिकाने हार्लन एलिसन या विज्ञानकथाकाराची एक प्रदीर्घ मुलाखत छापली. संपादक गॅरी ग्रोथ आणि एलिसन यांच्या त्या संभाषणात या क्षेत्रातील सर्वांत वाईट चित्रकार कोण असा विषय निघाला आणि हेकचे नाव पुढे आले. याच मुलाखतीतील अन्य विधानांवरून मायकेल फ्लेशर या लेखकाने अब्रुनुकसानीचा दावा लावला व १९८६ मध्ये तो हरला. खटल्यामुळे मुलाखत गाजली आणि तिच्याबरोबर हेकविषयीचा तो शेराही पसरला. पुढील अनेक वर्षे ज्यांनी हेकचे एकही पान नीट पाहिले नव्हते, त्यांनाही तो वाईट चित्रकार होता एवढे मात्र ठाऊक असे.

या शेऱ्याची शहानिशा करायची, तर हेक कोणत्या परंपरेतून आला हे आधी पाहावे लागेल. त्याचा जन्म २ जानेवारी १९२९ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात झाला. १९४९ च्या अखेरीस तो ‘हार्वे कॉमिक्स’ या प्रकाशनसंस्थेत लागला. काम साधे होते. वृत्तपत्रांत रोज येणाऱ्या चित्रपट्ट्यांच्या छायाप्रती कापून, जुळवून त्यांची पुस्तकी आकाराची पाने तयार करायची. या पट्ट्यांत मिल्टन कॅनिफ या चित्रकाराचेही काम असे आणि कॅनिफ हे तर हेकचे दैवत. ‘टेरी अँड द पायरेट्स’ (१९३४) आणि ‘स्टीव्ह कॅन्यन’ (१९४७) या त्याच्या मालिकांनी काळ्या शाईच्या सपाट पट्ट्यांतून छायाप्रकाशाचे नाट्य उभे करण्याची एक रीत घालून दिली होती. कात्री आणि गोंद हाती घेऊन हेकने वर्षाहून थोडा अधिक काळ या रेषेचा सहवास अनुभवला.

मराठी वाचकाला ही परंपरा अगदीच परकी नाही. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने १९६४ पासून वेताळ, मँड्रेक आदींच्या ज्या कथा आपल्यापर्यंत आणल्या, त्या मूळच्या वृत्तपत्रीय पट्ट्याच होत. अंगावर येणारी भव्यता हा या प्रकाराचा स्वभाव नव्हे. तेथे चेहरा, हावभाव, एखाद्या खोलीतील दिव्याचा उजेड आणि दोन माणसांमधील ताण यांना महत्त्व असते. हेक याच घराण्याचा चित्रकार होता.

१९५२ पासून तो ‘कॉमिक मीडिया’ या छोट्या संस्थेसाठी युद्धकथा, भयकथा काढू लागला. ‘हॉरिफिक’ या मासिकासाठी त्याने केलेली मुखपृष्ठे जाणकारांत आजही नावाजली जातात. १९५४ साली तो ‘अ‍ॅटलस’ या संस्थेत, म्हणजे आजच्या ‘मार्व्हल’च्या पूर्वावतारात, दाखल झाला. त्याच वर्षी फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाच्या पुस्तकामुळे कॉमिक्सविरुद्ध मोठे काहूर उठले, सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तीमुळे भयकथांचा बाजार बसला. १९५७ साली अ‍ॅटलसचा वितरक बंद पडला. प्रतिस्पर्धी संस्थेच्या वितरणयंत्रणेतून महिन्याला मोजकीच मासिके काढण्याची पाळी संस्थेवर आली आणि बहुतेक चित्रकार रस्त्यावर आले. या काळात हेकने खेळण्यातील विमानांच्या जोडणीची रेखाचित्रे काढून गुजराण केली. १९५८ मध्ये तो परतला आणि पाश्चिमात्य गुराख्यांच्या, विज्ञानाच्या, प्रेमाच्या अशा सर्व प्रकारच्या कथा काढू लागला. त्याच्या प्रेमकथांतील स्त्रिया विशेष लक्षणीय आहेत. त्या स्त्रियांना वय आहे, मन आहे आणि अंगावरच्या वस्त्राला वजन आहे.

आणि मग महानायकांचे युग उजाडले. १९६१ मध्ये स्टॅन ली आणि कर्बी यांच्या ‘फँटास्टिक फोर’ने बाजाराचा रंगच पालटला. कर्बीची आकृती चौकटीत मावत नसे. तिची मूठ वाचकाच्या नाकापर्यंत येई. हीच संस्थेची भाषा ठरली आणि इतर चित्रकारांपुढे कर्बीची पाने नमुन्यादाखल ठेवली जाऊ लागली. त्यातच कामाची पद्धतही बदलली. पूर्ण संहितेऐवजी ली केवळ कथेचा सारांश सांगे, पुष्कळदा दूरध्वनीवरूनच. प्रसंगांची विभागणी, गती, नाट्य हे सर्व चित्रकाराने रचायचे आणि चित्रे झाल्यावर लीने संवाद लिहायचे. हेकला आयत्या संहितेची सवय होती आणि आरंभी ही पद्धत आपल्याला अवघड गेल्याचे त्याने पुढे सांगितले आहे. मात्र या पद्धतीचा एक अर्थ असाही होतो, की त्या काळातील कथांचे अर्धेअधिक लेखन चित्रकारच करत होते. हेकचे मूल्यमापन करताना हे सहसा विसरले जाते.

‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या ३९ व्या अंकात, मार्च १९६३ मध्ये, ‘आयर्न मॅन’ अवतरला. कथासूत्र लीचे, संहिता लॅरी लीबरची, मुखपृष्ठ आणि चिलखताची कल्पना कर्बीची, आणि आतील तेरा पाने हेकची. श्रेयाच्या चर्चेत बहुधा चिलखतच पुढे असते. परंतु त्या चिलखताच्या आतील माणूस कोणाचा? टोनी स्टार्कचा तो रुबाबदार, मिशाळ, किंचित थकलेला चेहरा हेकने एरॉल फ्लिन या नटाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून घडवला. व्हिएतनाममध्ये जखमी झालेला आणि हृदयाजवळ लोखंडाचे तुकडे घेऊन जगणारा हा उद्योगपती छातीवरील कवच वेळोवेळी विजेवर भारून घेतो, तेव्हाच त्याचे हृदय चालते. आरंभीच्या कथांत ही विजेची तहान वारंवार येते. महानायक कोठेतरी भिंतीच्या आधाराने कोसळतो आहे, हात बटणापाशी पोचत नाही, कपाळावर घाम आहे, ही दृश्ये हेक ज्या सहजतेने काढतो, ती सहजता प्रेमकथा आणि युद्धकथा काढून कमावलेली आहे. आयर्न मॅनची कथा बलाढ्य कवचाइतकीच दुर्बल हृदयाचीही आहे आणि त्यातील हृदयाची बाजू हेकच्या हाती होती.

सहा महिन्यांनी, ४५ व्या अंकात, पेपर पॉट्स आणि हॅपी होगन आले. होगन हा माजी मुष्टियोद्धा. त्याचे चेपलेले नाक आणि ओशाळे स्मित पाहिले की त्याची सारी हकीकत संवादाविनाच कळते. पेपर ही चेहऱ्यावर वांग असलेली साधी सचिव म्हणून येते. ली आणि हेक यांनी फेब्रुवारी १९६४ मध्ये ‘मँडरिन’ हा खलनायक आणला आणि एप्रिलमध्ये, ५२ व्या अंकात, ‘ब्लॅक विडो’. ही संहिता डॉन रिको याने टोपणनावाने लिहिली होती. आज चित्रपटांतून परिचित असलेली घट्ट काळ्या पोशाखातील योद्धी येथे शोधू नये. ही पहिली नताशा संध्याकाळच्या झुळझुळीत पोशाखात, चेहऱ्यावर जाळी घेऊन येणारी रशियन हेर आहे. तिचे शस्त्र म्हणजे तिची नजर. कॅनिफच्या ‘ड्रॅगन लेडी’चे रक्त तिच्यात उघड दिसते. त्याच वर्षी सप्टेंबरच्या ५७ व्या अंकात तिच्या प्रेमात पडणारा सर्कशीतील तिरंदाज ‘हॉकआय’ आला. त्याच्या बंडखोरीमागे आयर्न मॅनला मिळणाऱ्या टाळ्यांचा मत्सर होता. मत्सर, लाज, आकर्षण, अवघडलेपण या भावना मुठीने दाखवता येत नाहीत. त्यांना चेहरा लागतो आणि हेकला चेहरे येत होते.

ऑक्टोबर १९६४ पासून हेककडे ‘अ‍ॅव्हेंजर्स’ हे मासिक आले. नवव्या अंकापासून मे १९६७ च्या चाळिसाव्यापर्यंत, थोडे अपवाद वगळता, ते त्यानेच सांभाळले. विशेषतः १९६५ मध्ये जुने दिग्गज बाजूला होऊन कॅप्टन अमेरिकाच्या हाताखाली हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच या तीन पूर्वाश्रमीच्या गुन्हेगारांचा संघ झाला, तेव्हाची त्याची पाने पाहावीत. कथा पुष्कळदा एका घरातील चार माणसांच्या भांडणाची असते. कोण नेता, कोणाचा कोणावर विश्वास नाही, कोण खिडकीपाशी पाठ फिरवून उभा आहे. एखाद्या नाटकाच्या दिग्दर्शकाप्रमाणे हेक पात्रे मांडतो आणि चौकटीतील अंतरातून संबंध सुचवतो.

याचा अर्थ त्याचे सारेच काम उत्तम आहे, असा मुळीच नव्हे. दहाबारा महानायकांची झुंबड उडाली की त्याची चौकट गोंधळते. कर्बीसारखी उसळी आणण्याच्या प्रयत्नात आकृती लाकडी होतात. पार्श्वभूमी अनेकदा ओसाड राहते. उत्तरकाळातील कित्येक पाने तर घाईची साक्ष देतात. तथापि या दोषांची मुळे त्याच्या हाताइतकीच व्यवसायाच्या रचनेत आहेत. मोबदला पानावारी मिळे. अर्थात वेग हाच चरितार्थ. शिवाय महानायकांच्या मासिकांत एकाने पेन्सिलीने काढायचे आणि दुसऱ्याने शाई भरायची, अशी श्रमविभागणी रूढ होती. कर्बीची रचना इतकी ठाम असे, की शाई कोणाचीही असली तरी ती पुरती मरत नसे. हेकचे सामर्थ्य मात्र शाईतच होते. सावलीचा काठ कोठे विरघळवायचा, कपड्याची चुणी कुंचल्याच्या एकाच ओढीत कशी पकडायची, हे तो स्वतःची शाई स्वतः भरताना दाखवतो. १९६३-६४ च्या अनेक कथा अशा आहेत. ते काम दुसऱ्याकडे गेले की त्याचे निम्मे बोलणेच कापले जाई. ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या २० ते २२ या अंकांत वॉली वुड आणि २३ व्या अंकात जॉन रोमिटा यांच्यासारखे समर्थ हात लाभले, तेव्हा त्या रेषेची मूळ खानदानी पुन्हा उमटली. इतरत्र ती बोथट झाली आणि बोल मात्र पेन्सिलवाल्यास लागला.

पुढील वाटचाल उतरणीची आहे. १९७३ साली ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या ११२ व्या अंकात स्टीव्ह एंगलहार्टसह त्याने ‘मँटिस’ ही व्यक्तिरेखा निर्माण केली. ‘डीसी’साठी १९७८ मध्ये जेरी कॉनवेसह ‘स्टील’ हे मासिक काढले. त्या संस्थेने खर्चकपातीत अनेक मासिके एकदम बंद केली आणि ‘स्टील’ही पाच अंकांत आटोपले. ‘वंडर वुमन’च्या पहिल्या मालिकेचा अखेरचा, ३२९ वा अंकही हेकचाच. बंद पडत आलेली मासिके ज्याच्याकडे विश्वासाने सोपवावीत, असा तो कारागीर झाला होता. २३ फेब्रुवारी १९९५ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले.

त्यानंतर तेरा वर्षांनी ‘आयर्न मॅन’ चित्रपट आला आणि त्यावर एक अवाढव्य चित्रपटविश्व उभे राहिले. २०१४ साली जॉन कोट्स यांनी हेकवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये हेकसह काही चित्रकार-लेखकांच्या वारसांनी स्वामित्वहक्क परत मागणाऱ्या नोटिसा दिल्या. हे सारे काम मोबदला देऊन करवून घेतलेले असल्याने हक्क आमचाच, अशी भूमिका घेऊन कंपनी न्यायालयात गेली. २०२३ मध्ये तडजोड झाली. ज्याला समीक्षेने ‘सर्वांत वाईट’ ठरवले होते, त्याच्या पेन्सिलीतून उतरलेली माणसे जगातील एका बलाढ्य उद्योगसंस्थेला न्यायालयात लढण्याइतकी मोलाची वाटली.

बाजारातील किंमत हा कलेचा पुरावा नव्हे, हे मान्य. म्हणूनच हेकची बाजू त्या तडजोडीवर किंवा चित्रपटांच्या गल्ल्यावर उभी करू नये. ती त्याच्या पानांवरच तपासावी. ज्यांना कुतूहल असेल त्यांनी ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’चे ४५ ते ५७ हे अंक, त्यांची पुनर्मुद्रणे उपलब्ध आहेत, उघडावेत आणि मारामारीच्या चौकटी क्षणभर ओलांडून कचेरीतील, मोटारीतील, रुग्णालयातील चौकटींवर थांबावे. पेपर दाराशी उभी आहे, होगन टोपी हातात फिरवतो आहे आणि स्टार्क कोटाखालचे कवच लपवत दोघांशी हसून बोलतो आहे, असे काहीतरी तेथे चालू असेल. कर्बीच्या मापाने ही पाने मंद वाटतील. कॅनिफच्या मापाने पाहिली, तर एका चांगल्या चित्रकाराची भेट होईल.