बीदरची धावपट्टी

आमच्या तलवाड्याकडील वयोवृद्ध मंडळी वय सांगताना इसवी सनाच्या वाटेस फारशी जात नाहीत. ‘पोलीस ॲक्शनच्या साली आम्ही पाळण्यात होतो,’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्यास उमगते. १९४८ पर्यंत आमचा बीड जिल्हा आणि आज कर्नाटकात असलेला बीदर जिल्हा हे दोन्ही निजामाच्याच मुलखात होते. त्या बीदरच्या एका धावपट्टीची ही हकिगत आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली, हा विमानतळ अस्तित्वात आला. युद्ध संपले आणि अशा अनेक धावपट्ट्यांप्रमाणे याही धावपट्टीचे प्रयोजन संपल्यासारखे झाले. परंतु १९४८ मध्ये रात्रीच्या अंधारात तेथे अवजड विमाने उतरू लागली. कराचीहून निघणाऱ्या त्या लँकास्ट्रियन विमानांत निजामासाठी शस्त्रे भरलेली असत. लँकास्ट्रियन म्हणजे लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाचेच नागरी रूप!

या उद्योगाचा सूत्रधार सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक होता. माणूस मोठा विलक्षण. वैमानिकांचे थंडीपासून रक्षण करणारा ‘सिडकॉट’ पोशाख त्याने पहिल्या महायुद्धात शोधून काढला. १९३९ मध्ये व्यापाऱ्याच्या मिषाने तो जर्मनीवरून विमान नेई आणि त्यात दडविलेल्या कॅमेऱ्यांनी लष्करी ठिकाणांची छायाचित्रे टिपी. अशा बुद्धिमंताने पुढे शस्त्रांच्या चोरट्या वाहतुकीत हात घालावा, याचा आम्हांस खेद वाटतो. ब्रिटिश न्यायालयाने त्यास दोनशे पौंड दंड केला. एका संस्थानाच्या विनाशास हातभार लावण्याची ही किंमत आम्हांस तरी अगदीच स्वस्त वाटते.

शस्त्रे आली, पण त्यांचा उपयोग काय झाला? निजामाजवळ लढाऊ विमाने नव्हती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या अधिपत्याखाली भारतीय सेना सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली. वायुसेनेच्या टेंपेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळ येथील विमानतळांवर बॉम्ब टाकले. अवघ्या पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली.

वाचकहो, येथे थोडे थांबावयास हवे. मराठवाड्यात आपण १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि रझाकारांनी गावोगावी जे केले ते आठवता तो आनंद रास्तच आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर जो सूड उगविला गेला, त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत असा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळले असे तिने नमूद केले. तो अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्यांच्या दृष्टीस पडला नाही. कराचीहून आलेल्या बंदुकांनी ना निजाम वाचला, ना त्याची प्रजा.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीड मुंबई राज्यात आले आणि बीदर म्हैसूर राज्यात गेले. भालकी, औरादकडे मराठी अद्याप कानी पडते, हा जुन्या शेजाराचाच अवशेष होय. विमानतळाचे नशीब १९६३ मध्ये पालटले. वायुसेनेने तेथे नवोदित वैमानिकांचे शिक्षण सुरू केले. पुढे १९९६ मध्ये याच तळावर ‘सूर्यकिरण’ हा हवाई कसरतींचा चमू जन्मास आला. नऊ किरण विमाने पंखास पंख लावून आकाशात उड्डाण करीत, गिरक्या घेत, तेव्हा खाली पाहणाऱ्या पोराबाळांची माना वर करकरून दमछाक होई. ज्या आकाशातून एके काळी बॉम्ब पडले त्याच आकाशाकडे आता माणसे कौतुकाने पाहू लागली.

हे कौतुक फुकटचे मात्र नव्हते. मार्च २००६ मध्ये बीदर येथे सरावात दोन वैमानिक प्राणास मुकले आणि जानेवारी २००९ मध्ये आणखी एक. २०११ साली हा चमू थांबविण्यात आला, कारण किरण विमानांची गरज शिकाऊ वैमानिकांसाठी अधिक होती. पुढे २०१५ मध्ये हॉक विमानांवर तो पुन्हा उभा राहिला.

७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच तळाला लागून नागरी प्रवाशांसाठी इमारत खुली झाली आणि बंगळूरचे विमान बीदरला उतरले.